बेलीफबाईंचं पिस्तूल

कोर्टात तिला सगळे बेलीफबाई म्हणत. कोर्टाचे समन्स, नोटिसा, हुकूम ज्याच्या त्याच्या घरी नेऊन हातात द्यायचे आणि सही घेऊन परत यायचं, हे तिचं काम. ती दारात दिसली की घरातल्यांचे चेहरे पडत. कुणी दार लावून घेई, कुणी तिलाच सगळी कहाणी सांगत बसे, कुणी तोंडाला येईल ते बोले. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घंटी एकदाच वाजवायची, दाराच्या समोर नाही तर जरा बाजूला उभं राहायचं, आवाज खाली ठेवायचा, अशा तिच्या सवयी होत्या. समोरचा फारच तापलेला असला तर ती प्यायला पाणी मागे. पाणी आणायला आत जाऊन येईपर्यंत माणूस निम्मा निवतो, असा तिचा अनुभव होता.

त्या दिवशी पाणी मागायची वेळच आली नाही. हुकूम तसा साधा होता. नवराबायको वेगळे झालेले, मुलगा बापाकडे राहणारा. शनिवार-रविवार त्याला आईकडे पाठवायचं, एवढंच कोर्टाने सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या माणसाने दार उघडलं, कागद घेतला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"इथे सही करा," ती पेन पुढे करत म्हणाली.

तो वळून आत गेला. तिला वाटलं, चष्मा आणायला गेला असेल. तो आला तो पडद्याची लोखंडी दांडी घेऊन. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला तिने हात वर केला आणि मनगटातून कळ गेली. मग ती जिन्यावरून घसरत खाली आली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. त्या माणसाला अटक झाली आणि थोड्याच दिवसांत जामीनही मिळाला. त्याच्या तारखेला ती साक्ष द्यायला गेली, तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिच्या अगदी जवळून गेला आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात म्हणाला, "तुम्हाला माझं घर माहीत आहे. मलाही तुमचं माहीत आहे."

तिने वकिलांना सांगितलं, वकिलांनी पोलिसांना सांगितलं, पोलिसांनी त्याला बोलावून दम दिला. कागदावर सगळं व्यवस्थित झालं. तिची भीती मात्र गेली नाही. संध्याकाळी घरी येताना मागून चपलांचा आवाज आला की ती दुकानाच्या काचेत बघण्याचं निमित्त करून थांबे आणि मागच्याला पुढे जाऊ देई.

कचेरीत तिच्या शेजारच्या टेबलावर मिशीवाले बसत. मिशा भरघोस, बोलणं त्याहून भरघोस. दोन वर्षांपासून ते कमरेला पिस्तूल लावून फिरत होते, रीतसर परवाना काढून.

"बाई, तुम्ही अर्ज करा," ते म्हणाले. "साहेब शिफारस देतील. तुमच्यावर हल्ला झालाय, कुणी नाही म्हणणार नाही."

"मला ते झेपेल का?"

"न झेपायला काय? मला झेपलं. आता मी तुम्हाला खरं सांगतो, बढाई नाही. धरणापलीकडच्या रस्त्यावर मला चौघांनी अडवलं होतं. मोटरसायकल आडवी लावली. मी नुसता शर्ट वर केला. चौघंही असे पळाले की एकाची चप्पल तिथेच राहिली."

"चप्पल तुम्ही ठेवून घेतली असेल."

"मापात नव्हती," मिशीवाले म्हणाले, आणि हल्ला झाल्यापासून ती पहिल्यांदा मनापासून हसली.

ते थापा मारत नव्हते, हे तिला ठाऊक होतं. त्या चौघांतल्या दोघांना पुढे शिक्षाही झाली होती. पिस्तूल नसतं तर मिशीवाल्यांचं काय झालं असतं, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. तिने अर्ज केला. कचेरीच्या अधीक्षकांनी शिफारस दिली. प्लास्टर निघालं, हाताला बळ आलं, आणि शहराबाहेरच्या नेमबाजी केंद्रावर तिचं शिक्षण सुरू झालं.

तिथे शिकवणाऱ्या बाई पोलिसातून निवृत्त झालेल्या होत्या. मिशीवालेही त्यांच्याकडेच शिकले होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. अंगाने किरकोळ, केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दामागे कुणीतरी दंड आकारतंय. नेम धरायला ती लवकर शिकली. स्वतःच्या हातून काहीतरी नेमकं घडतंय, याचं तिला इतक्या दिवसांनी बरं वाटलं. कागदी आकृतीच्या छातीत भोकं पडताना बघून आपल्याला आनंद होतोय, हे लक्षात आलं तेव्हा ती जराशी दचकलीही.

मग एक दिवस उस्तादांनी तिच्या कमरेला प्लास्टिकचं पिस्तूल लावलं आणि खोलीच्या दाराशी उभं केलं.

"मी घरातला माणूस. तुम्ही कागद घेऊन आलात. चला."

बेलीफबाईंनी कागद पुढे केला. उस्तादांनी तो घेतला, वाचल्यासारखं केलं आणि एकदम अंगावर आल्या. तिचा हात कमरेपर्यंत पोचायच्या आधी पिस्तूल उस्तादांच्या हातात होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. त्यानंतर एकदा तिने ते बाहेर काढलं खरं, पण दोघींच्या झटापटीत त्याचं तोंड तिच्याच पोटाकडे वळलेलं होतं.

"तुमचं काम हाताच्या अंतरावरचं आहे," उस्ताद म्हणाल्या. "मिशीवाल्यांना समोर रस्ता होता. तुम्हाला उंबरठा आहे. सरावाने फरक पडेल, नाही असं नाही. पण पुष्कळ सराव लागेल, आणि तरीही खात्री देणार नाही."

त्या तिला बाकावर घेऊन बसल्या. "आणखी एक. प्रत्येकाला विचारते, तुम्हालाही विचारते. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि आमचे हे. मुलगी बाहेरगावी शिकते."

"घरात कुणी फार रागीट? पिणारं? कुणी मनाने खचलेलं?"

"नाही," बेलीफबाई म्हणाली. "तसं कुणी नाही."

उत्तर इतक्या चटकन आलं की तिचं तिलाच ते खटकलं. बसमध्ये खिडकीशी बसून ती घरापर्यंत त्याच एका उत्तराशी झगडत राहिली.

तिचा नवरा छापखान्यात यंत्रावर होता. पंचवीसेक वर्षं त्याच्या अंगाला शाईचा वास होता. छापखाना बंद पडला आणि वासही हळूहळू गेला. सुरुवातीला तो म्हणे, जरा विश्रांती घेतो. मग विश्रांतीचं नाव निघेनासं झालं. तो घरातलं सगळं करी, भांडी घाशी, केर काढी, तिच्या डब्यात काय काय भरून देई. पण बोलणं आटलं होतं. हाक मारली की ओ यायला वेळ लागे, जणू तो दूर कुठल्या खोलीतून चालत येतोय. मागच्या वर्षी एकदा दिवसभर त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी बूट चिखलाने माखवून परत आला आणि म्हणाला, "फिरायला गेलो होतो." तिने विचारलं नाही, कुठे. विचारलं तर तो सांगेल, अशी तिला भीती वाटली होती.

घरी येऊन तिने त्याला सांगितलं. पिस्तूल घ्यायचं ठरतंय. परवाना येईल आठवड्याभरात.

"घे ना," तो म्हणाला. "तुला सुरक्षित वाटणार असेल तर घे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मार तू खाल्लास. मी काय सांगणार?"

आणि तो कुकरची शिट्टी बसवायला उठला. पुढचे दिवस तो आणखीच गप्प झाला. कपाटाला नवं कुलूप लावू, किल्ली मी जवळ ठेवीन, असं ती एकदा म्हणाली. त्यावर त्याने नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी दोघं बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिच्या मनगटाला पीळ सोसत नसे, म्हणून कपडे तो पिळी आणि ती झटकून देई. तो तिच्याकडे पाठ करून चादर दोरीवर ओढत होता. चादरीआडूनच बोलला.

"ते घरात आणू नकोस."

तिने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला.

"मी नाही म्हणणार नव्हतो," तो म्हणाला. "तुझी भीती खरी आहे. माझ्यामुळे तू हत्याराविना राहिलीस आणि त्या माणसाने काही केलं, तर मी तोंड कुठे दाखवू? आठवडाभर हाच विचार करतोय. पण ते घरात आणू नकोस. माझ्यासाठी."

"अहो, इकडे बघा."

"इकडून बोलणं सोपं जातंय. राहू दे." त्याने चादरीला एक चिमटा लावला, मग दुसरा. "मागच्या वर्षी मी फिरायला गेलो होतो ना. नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत जायचं मनात होतं. सकाळी निघालो. वाट लांबची आहे, तुला माहीत आहे. चालता चालता पाय दुखायला लागले. एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाला बायकोशी भांडत होता, साखर कुणी सांडली यावरून. मी ऐकत बसलो. मग पुढे गेलो, पण मघाचा मी राहिलो नव्हतो. नदीकाठी चिखलात बराच वेळ बसलो आणि परत आलो." त्याने चादरीची कड सरळ केली. "वाट लांब होती म्हणून मी आज इथे आहे. कपाटातली वस्तू घ्यायला चालत जावं लागत नाही. किल्ली तू कुठेही ठेव, तुझ्यासोबत राहणाऱ्या माणसाला ती सापडते."

ती चादरीखालून वाकून पलीकडे गेली. तो रडत नव्हता. एखादं जड सामान जिन्यावरून खाली आणून ठेवल्यावर माणूस जसा उभा राहतो, तसा उभा होता. तिने त्याच्या ओल्या हाताला धरलं आणि दोघं तिथेच खाली, बादलीशेजारी बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणजे नक्की नाही, पण माहीत होतं. त्या उस्तादांनी विचारलं, घरात कुणी खचलेलं आहे का. मी नाही म्हणून सांगितलं."

"मग काय सांगणार होतीस? नवरा खचलाय?"

"अजून तिथे जायचं येतं का मनात?" तिने सरळ विचारलं. इतक्या दिवसांचा तो प्रश्न तोंडातून बाहेर पडला तेव्हा तिला वाटलं होतं तेवढा तो भयंकर नव्हता.

"रोज नाही. कधी कधी. काल नाही. आज नाही."

"ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला सांगायचं. मी कोर्टात असले तरी. जज्जसमोर उभी असले तरी."

"जज्ज काय म्हणतील?"

"त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. त्यांच्याच नोटिसा वाटते मी."

त्याच दुपारी तिने नणंदेला बोलावून घेतलं. वन्सं दोन गल्ल्या सोडून राहत आणि भावाच्या बाबतीत नको तितक्या हळव्या होत्या, म्हणून आजवर त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. वन्सं आल्या, ऐकलं, पदराने डोळे पुसले, आणि मग कंबर कसून कामाला लागल्या. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या मनोविकार डॉक्टरांची वेळ घेतली. घरातल्या झोपेच्या गोळ्या त्याने स्वतः उठून बहिणीच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "रोजची रोज देत जा." वन्सं म्हणाल्या, "लहानपणी खाऊच्या डब्याची किल्लीही माझ्याकडेच होती. तेव्हा तू फार रडायचास." तो थोडंसं हसला.

सोमवारी ती नेमबाजी केंद्रावर गेली आणि उस्तादांना म्हणाली, "तुम्ही विचारलंत त्याचं मी खोटं उत्तर दिलं होतं."

"पुष्कळ जण देतात," उस्ताद म्हणाल्या. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "परत येऊन खरं सांगणारे थोडे असतात. घरच्यांना सांभाळा. आणि दारात उभं राहताना जिन्याच्या बाजूला पाय ठेवत जा, भिंतीच्या बाजूला नको. तेवढं तरी माझ्याकडून घेऊन जा."

अधीक्षकांना तिने सांगितलं की परवाना नको. पिस्तूल कचेरीतच ठेवून फक्त कामावर वापरायचं, असा एक मार्ग त्यांनी सुचवला. तिने तो खरोखर तोलून पाहिला. घरातला धोका त्याने टळला असता, दारातला टळला नसता. उस्तादांच्या खोलीत स्वतःच्या पोटाकडे वळलेलं ते तोंड तिला आठवलं. रोज सराव करून तिथून पुढे सरकता आलं असतं, पण त्या संध्याकाळी आता तिला घरी हव्या होत्या.

"त्यापेक्षा मला सोबत द्या," ती म्हणाली. "मुलांच्या ताब्याचे हुकूम आणि घर सोडण्याच्या नोटिसा एकट्याने न्यायच्या नाहीत. कुणीच."

"माणसं कुठे आहेत, बाई?"

"नसली तर हुकूम दोन दिवस उशिरा पोचेल. हाड जुळायला त्याहून जास्त दिवस लागतात."

अधीक्षक कुरकुरले. पण बाकीच्या बेलिफांनीही तेच लावून धरलं, आणि महिनाभराने जोडीने जायचं ठरलं. तिच्या जोडीला मिशीवाले आले. ते जरा रुसलेले होते.

"म्हणजे तुमच्या मते मी मूर्ख," ते जिना चढताना म्हणाले.

"तसं कुठे म्हटलं मी? तुम्ही घरी एकटे असता. तुमच्या रस्त्यावर चौघं होते. तुमचं वेगळं, माझं वेगळं."

पुढचा मजला चढून झाल्यावर मिशीवाले म्हणाले, "त्या दिवशी शर्ट वर केला ना, तेव्हा माझा हात असा कापत होता की बटण तुटलं. हे मी कुणाला सांगत नाही."

"चप्पल सांगता, बटण सांगत नाही."

"बटणाने काही शोभा येत नाही, बाई."

भीती गेली, असं काही झालं नाही. अजूनही मागून चपलांचा आवाज आला की ती थांबे. नवऱ्याचंही एकदम सगळं छान झालं नाही. एक आठवडा फार वाईट गेला, तेव्हा तिने रजा काढली आणि दोघं दिवसचे दिवस नुसती पत्ते खेळत बसली. वन्सं डबा घेऊन येत आणि हरत. नव्या औषधांनी त्याला आधी मळमळलं, मग झोप लागायला लागली. एका सकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि त्याची ओ लगेच आली. ती चमच्यासकट जागच्या जागी थबकली.

त्याचीच औषधं आणायला एकदा संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे कुणीतरी वळलं, आणि तिच्यासमोर तोच माणूस होता. तिसऱ्या मजल्यावरचा. कडेवर मुलगा, सहा-सात वर्षांचा, एवढ्या मोठ्या मुलाला कुणी कडेवर घेत नाही. पण त्याला ताप असावा, बापाच्या खांद्यावर गाल टेकून तो डोळे मिटून पडला होता. माणसाने तिला ओळखलं. तिचं मनगट आपोआप छातीशी आलं. दुकानात आणखी माणसं होती, रस्त्यावर उजेड होता, तरी ती एक पाऊल मागे सरकली.

तो काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने नजर खाली वळवली. मग बाजूला सरकला.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला.

त्याचा आवाज व्हरांड्यातला नव्हता, पण पश्चात्तापाचाही होता असं तिला म्हणता आलं नसतं. दमलेला होता, एवढंच.

"मुलाचं घ्या आधी," ती म्हणाली.

त्याने औषध घेतलं. जाताना मुलाने डोळे किलकिले करून विचारलं, "कोण आहेत त्या?"

"कोर्टातल्या बाई," बाप म्हणाला, आणि मुलाचं डोकं हाताने झाकून रस्ता ओलांडून गेला.

दुकानदाराने तिचा चेहरा बघून आतून स्टूल आणून दिलं. ती बसली. पर्समध्ये तेव्हा पिस्तूल असतं तर, असं तिच्या मनात आलं. हात नक्की आत गेला असता. त्यापुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. थोड्या वेळाने उठून ती मोठ्या रस्त्याने, दिव्यांखालून घरी आली.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. पूर्वी सांगितलं नसतं, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला म्हणून. तो शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "उद्यापासून मी कोर्टावर येतो तुला न्यायला."

"तुम्ही येऊन काय करणार? जोराचा वारा सुटला तर मलाच तुम्हाला धरावं लागतं."

"धर मग. दोघांना दोघांचा उपयोग होईल."

दुसऱ्या दिवशी ती कोर्टाबाहेर आली तेव्हा तो खरोखरच फाटकाशी उभा होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला तो छपाईच्या शाईचे डाग कपड्यांवरून कसे काढायचे ते समजावून सांगत होता, आणि पहारेकरी अगदी मन लावून ऐकत होता. ती जवळ गेली तरी त्याने हाताने तिला थांब म्हणून खूण केली. सांगायचं अजून थोडं राहिलं होतं. ती फाटकाला टेकून उभी राहिली आणि त्याचं बोलणं संपायची वाट बघू लागली. तिला कसलीही घाई नव्हती.